विळ्यासारखी पेशी आणि कशेडीचा घाट

बारावीच्या जीवशास्त्रात आपण सगळ्यांनी एक चित्र पाहिलेलं आहे. डावीकडे गोल, बत्ताशासारखी लाल रक्तपेशी आणि उजवीकडे विळ्यासारखी वाकडी. खाली दोन ओळींचा खुलासा: गोल पेशी बारीक रक्तवाहिनीतून सहज सरकते, वाकडी अडकते, पुढचा रक्तपुरवठा बंद होतो आणि रुग्णाला वेदना होतात. दोन मार्कांचं उत्तर, पाठ करा आणि सोडून द्या. आपल्या इंजिनिअरिंगवाल्या डोक्याला तर ते लगेच पटतं, कारण 'पाइप चोक झाला' हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

पण हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर वाचताना माझ्या लक्षात आलं की ते मेडिकलपेक्षा आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला जास्त जवळचं आहे. आणि ते शोधणाऱ्यांत केमिकल इंजिनिअर आहेत! म्हणून हा लेख.

आता कोणी विचारेल, महाड-पोलादपूरच्या या कोपऱ्यात सिकलसेलचं काय काम? आपल्याकडे विंचू, साप, लेप्टो हे विषय. पण हॉस्टेलच्या हजेरीचं रजिस्टर बघा. कॅप राउंडमुळे आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, यवतमाळ, नंदुरबार अशी सगळीकडची मुलं येतात. डॉ. सुदाम काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांची वर्षानुवर्षं रक्ततपासणी केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आढाव्यात भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या समाजांत सिकलसेलचं प्रमाण २० ते ३५ टक्के दिलेलं आहे. नागपूर भागात तर हा आजार आदिवासींपुरताच नाही. शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिलं होतं, आणि आज आपल्याला माहीत आहे की तिथल्या अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही तो आढळतो. या टक्क्यांतले बहुतेक जण नुसते वाहक असतात. म्हणजे आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच तो जीन आलेला. त्यांना रोजच्या जगण्यात सहसा काही त्रास होत नाही. दोघांकडून आला की आजार. म्हणजे या हॉस्टेलमध्ये वाहक तर नक्कीच आहेत, आणि एखादा रुग्णही असू शकतो. त्याला काय होतं हे त्याच्या रूम पार्टनरला कळायला हवं.

मूळ बिघाड थोडक्यात सांगतो, कारण तो पुस्तकात आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं. एखादा आजार रेणूपर्यंत नेऊन पोचवण्याची ही पहिलीच वेळ. पुढे व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७ मध्ये नेमका फरक सापडवला: बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस्स, एवढंच. पण व्हॅलिनला पाणी आवडत नाही. ऑक्सिजन सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना धरतं आणि पेशीच्या आत लांब कडक दोरे तयार होतात. आपल्या भाषेत पॉलिमरायझेशन. दोऱ्यांनी पेशी ताणली जाते, तिचा विळा होतो.

इथपर्यंत ठीक. आता गंमत बघा. ही प्रक्रिया लगेच सुरू होत नाही. आधी काही वेळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम सगळं घट्ट होतं. या थांबण्याला 'डिले टाइम' म्हणतात. हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ मध्ये तो मोजला, आणि त्यांना आढळलं की डिले टाइम हा हिमोग्लोबिनच्या कॉन्सन्ट्रेशनच्या साधारण तिसाव्या घातावर व्यस्त प्रमाणात अवलंबून असतो. तिसावा घात! आपल्या अभ्यासक्रमात चौथा घात आला तरी (पॉइसेलचं सूत्र आठवा) आपण दचकतो. कॅल्क्युलेटर काढा. कॉन्सन्ट्रेशन १० टक्क्यांनी कमी झालं तर ०.९ चा तिसावा घात येतो ०.०४२. म्हणजे डिले टाइम जवळजवळ २४ पट वाढला. उलट, पेशीतलं पाणी कमी होऊन कॉन्सन्ट्रेशन नुसतं ५ टक्क्यांनी वाढलं, तर डिले टाइम चौथाईहूनही खाली येतो. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर 'पाणी पी, पाणी पी' म्हणून मागे का लागतात, त्याचं गणित हे असं आहे.

आता दुसरी बाजू. लाल पेशी केशवाहिनीत, म्हणजे शरीरातल्या सगळ्यात बारीक नळीत, साधारण एक सेकंद असते. ऑक्सिजन तिथे सोडते. तिथून पुन्हा फुप्फुसात पोचायला दहा-पंधरा सेकंद. फुप्फुसात पोचली की ऑक्सिजन मिळतो, दोरे विरघळतात, पेशी पुन्हा गोल. म्हणजे ही एक शर्यत आहे: डिले टाइम आधी संपतो की पेशी आधी घरी पोचते? ईटन आणि मंडळींनी १९७६ मध्ये हाच मुद्दा मांडला. बऱ्याच पेशींच्या बाबतीत पेशीच जिंकते, ती केशवाहिनीतून वाकडी व्हायच्या आतच बाहेर पडते. तसं नसतं तर रुग्ण एक दिवसही जगला नसता.

मग अडथळा होतो कसा? पेशीला वाटेत कोणीतरी थांबवलं पाहिजे. दहा सेकंदांचा प्रवास मिनिटाचा झाला पाहिजे. हे थांबवणारं कोण, याचं उत्तर म्हणजे आजचा विषय: रक्तवाहिनीची भिंत.

इथे मला कशेडी घाट आठवतो. बोगदा होण्याआधी गणपतीत मुंबई-गोवा रस्त्याने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना सांगायला नको. सगळ्यांना वाटायचं, ट्रॅफिक जाम घाटातल्या अरुंद वळणांवर होतो. प्रत्यक्षात अरुंद वळणावर कोणी थांबत नाही, तिथे थांबायला जागाच नसते. गाड्या एकामागून एक सरकत असतात. थांबतात कुठे? घाट उतरून पोलादपूरकडे आलं, रस्ता रुंद झाला, वेग मंदावला, आणि कडेला चहा-वडापावच्या टपऱ्या दिसल्या की. एक गाडी कडेला लागते, दुसरी तिच्यामागे, तिसरी अर्धी रस्त्यात. मग मागून येतो सामानाने लादलेला ट्रक, ज्याला बाजूने निघता येत नाही. तो अडकला की शेपूट थेट घाटात जातं.

शरीरातही अगदी असंच होतं. अडथळ्याची सुरुवात केशवाहिनीत नाही, तर केशवाहिनी संपून जिथे शीर सुरू होते त्या छोट्या शिरेत होते. अनेक केशवाहिन्या एकत्र येतात, नळी रुंद होते, प्रवाह सुस्तावतो आणि भिंतीवरचा शिअर स्ट्रेस उतरतो. या छोट्या शिरांमध्ये तो चौरस सेंटिमीटरला साधारण एक ते पाच डाइन एवढाच असतो. रेनॉल्ड्स नंबर ०.०१ च्याही आत, म्हणजे टर्ब्युलन्सचा प्रश्नच नाही. भिंतीला हात लावून उभं राहायला याहून सोयीची जागा नाही.

(उपमेत एक खोट आहे, ती आधीच सांगून ठेवतो. ड्रायव्हर चहासाठी आपल्या मर्जीने थांबतो. पेशीला मर्जी नसते. तिच्या अंगावर आकडे असतात आणि भिंतीवर खुंट्या. ते पुढे येईलच.)

हे कळलं कसं, तो भाग मला सगळ्यात आवडला. १९७९-८० च्या सुमारास दोन-तीन गटांनी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांच्यावर लाल पेशी सोडल्या. सिकलसेलच्या पेशी जास्त चिकटल्या. मिनेसोटाच्या रॉबर्ट हेबल यांनी १९८० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या रुग्णाच्या पेशी बशीत जास्त चिकटतात, त्याचा आजारही जास्त तीव्र असतो. म्हणजे चिकटपणा ही प्रयोगशाळेतली करामत नव्हती, तिचा खऱ्या दुखण्याशी संबंध होता.

पण बशीत प्रवाह कुठे असतो? ती उणीव इंजिनिअरांनी भरून काढली. राइस विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करणाऱ्या गिल्डा बॅराबिनो यांनी मॅकइन्टायर आणि इतरांसोबत पॅरलल प्लेट फ्लो चेंबर वापरून हाच प्रयोग वाहत्या स्थितीत केला. १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वाहत्या द्रवातही सिकलसेलच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा जास्त चिकटल्या. (याच बॅराबिनोबाई २०२० मध्ये अमेरिकेतल्या ऑलिन कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या अध्यक्ष झाल्या.) हे यंत्र काही फार भारी नसतं. दोन सपाट पट्ट्या, मध्ये थोडी फट, खालच्या पट्टीवर अस्तराच्या पेशी वाढवलेल्या, एका टोकाने सिरिंज पंप आणि वर सूक्ष्मदर्शक. भिंतीवरचा शिअर स्ट्रेस काढायचा तर व्हिस्कॉसिटी गुणिले फ्लो रेट गुणिले ६, भागिले रुंदी आणि उंचीचा वर्ग. समजा रुंदी २.५ सेंटिमीटर, फट ०.२ मिलिमीटर आणि द्रव पाण्यासारखा, म्हणजे ०.०१ पॉइज. तर मिनिटाला एक मिलिलिटर सोडलं की बरोबर एक डाइन येतो. छोट्या शिरेतली परिस्थिती तुमच्या टेबलावर! आपल्या फ्लुइड लॅबमध्ये व्हेंच्युरीमीटरची तीच ती रीडिंग कॉपी करण्यापेक्षा असलं काही करायला काय हरकत आहे, असं आपलं मला वाटतं. असो.

दुसरे इंजिनिअर म्हणजे नार्ला मोहनदास. हे भारतातून गेलेले, शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचं. परक्या पृष्ठभागावर लाल पेशी कशी चिकटते हा त्यांचा सुरुवातीचा अभ्यास. नंतर त्यांनी इव्हान इव्हान्स यांच्याबरोबर मायक्रोपिपेट वापरलं. अतिसूक्ष्म काचेच्या नळीच्या टोकाला हलक्या सक्शनने एकच लाल पेशी धरायची, अस्तराच्या पेशीला टेकवायची, आणि ओढून काढायला किती जोर लागतो ते बघायचं. आपण मटेरियल टेस्टिंगमध्ये सळई ओढतो, त्यांनी एक पेशी ओढली. त्यांना दिसलं की नुसती पेशी बिघडून भागत नाही, रक्तद्रवातली काही प्रथिनंही गोंदासारखी मध्ये लागतात.

आणि १९८९ मध्ये धनंजय कौल, मेरी फॅब्री आणि रोनाल्ड नेगल यांनी जे दाखवलं त्याने पुस्तकातल्या चित्राची पंचाईत झाली. उंदराच्या आतड्याजवळच्या रक्तवाहिन्यांचं जाळं शरीराबाहेर काढून त्यांनी त्यातून माणसाच्या सिकलसेल पेशी वाहू दिल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशी चिकटल्या त्या छोट्या शिरांमध्येच. आणि सगळ्यात जास्त कोण चिकटलं? नुकत्याच मज्जेतून बाहेर आलेल्या, हलक्या, लवचीक, बऱ्यापैकी गोल पेशी. कायमच्या विळा होऊन बसलेल्या, आटून जड झालेल्या पेशी सगळ्यात कमी चिकटल्या! त्या नंतर आल्या आणि आधी चिकटलेल्यांच्या मागे अडकल्या. म्हणजे चित्रातला खलनायक प्रत्यक्षात मागून आलेला लादलेला ट्रक आहे. कडेला पहिली गाडी लावणारी तर कोवळी पेशी.

हे असं का व्हावं? लाल पेशी हाडाच्या मज्जेत तयार होते तेव्हा ती तिथल्या जाळ्याला धरून असते. धरण्यासाठी तिच्या अंगावर आकड्यांसारखे रेणू असतात, त्यातल्या दोघांची नावं व्हीएलए-४ आणि सीडी३६. निरोगी माणसात पेशी पिकते, आकडे टाकून देते आणि मग बाहेर पडते. बाहेर १२० दिवस काम करते. सिकलसेलमध्ये पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. मग मज्जेवर प्रॉडक्शनचा ताण. माल पूर्ण व्हायच्या आधीच डिस्पॅच. निरोगी रक्तात अशा अर्धवट पेशी एक-दोन टक्क्यांच्या आत असतात, सिकलसेलमध्ये त्या दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी आकडे अंगावर घेऊनच येतात. व्हीएलए-४ हा भिंतीवरच्या व्हीकॅम-१ नावाच्या खुंटीत बसतो. सीडी३६ हा रक्तातल्या थ्रॉम्बोस्पॉन्डिन नावाच्या गोंदातून भिंतीशी जोडला जातो. असे आणखीही बरेच आहेत, सगळ्यांची यादी देत नाही. व्हायव्हा घेणारे सर वाचत असतील.

खुंट्या मात्र भिंतीवर कायम नसतात, आणि हे महत्त्वाचं आहे. रक्तवाहिनीची भिंत म्हणजे जीआय पाइप नव्हे. ती जिवंत आहे, आखडते, सैल होते, चिकट होते. ही गोष्ट खरं तर महाडकरांना नवीन वाटू नये. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि लाल विंचवाने माणसं का मरतात याच्या मागे लागले. विषामुळे शरीरभर रक्तवाहिन्या आखडतात, हृदय त्या दाबाविरुद्ध पंप करून थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन वापरलं. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि सुमारे चाळीस टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुखणं विंचवाचं, पण इलाज भिंतीवर!

सिकलसेलमध्ये भिंत बिघडते ती जरा वेगळ्या तऱ्हेने. पेशी मोडत असल्यामुळे सुटं हिमोग्लोबिन रक्तात फिरतं. भिंत स्वतःला सैल ठेवण्यासाठी जो नायट्रिक ऑक्साइड बनवते तो हे हिमोग्लोबिन खाऊन टाकतं. भिंत आखडते. त्यात ताप आला, जंतुसंसर्ग झाला की अस्तराच्या पेशी व्हीकॅम-१ आणि सिलेक्टिन नावाच्या खुंट्या पृष्ठभागावर आणतात. पी-सिलेक्टिन तर आत तयारच ठेवलेलं असतं, काही मिनिटांत वर येतं. खुंट्या आल्या की आधी पांढऱ्या पेशी चिकटतात. २००२ मध्ये पॉल फ्रेनेट यांच्या गटाने (मोहनदास त्यातही होतेच) जिवंत उंदरांच्या शिरांमध्ये पाहिलं की लाल पेशी बऱ्याचदा भिंतीला नाही, तर भिंतीला चिकटलेल्या पांढऱ्या पेशीला जाऊन चिकटतात. सिलेक्टिन नसलेले उंदीर वाचले. म्हणजे टपरीपाशी पहिली गाडी कधी लाल पेशीची, कधी पांढऱ्या पेशीची. आपल्यापैकी जे महाड एमआयडीसीत ट्रेनिंगला गेले आहेत त्यांना हीट एक्स्चेंजरचं फाउलिंग आठवेल. पहिला थर बसेपर्यंत वेळ लागतो. एकदा तो बसला की पुढचे थर भराभर.

आता पुन्हा शर्यतीकडे या. चिकटलेल्यांमुळे वाट अरुंद, मागच्या पेशी खोळंबल्या, दहा सेकंदांचे मिनिट झाले, डिले टाइम संपला, आणि खोळंबलेल्या पेशी आहे त्या जागी विळे झाल्या. पुढे ऑक्सिजन नाही. ज्या हाडात, ज्या स्नायूत हे घडतं तिथे कळ सुरू होते. ही कळ कशी असते ते मी सांगू शकत नाही, पण मी ती भोगताना एकाला पाहिलं आहे. आमच्या विंगमधला, विदर्भातला. डिसेंबरात परीक्षेच्या तोंडावर त्याच्या मांड्या आणि कंबर धरली. रात्रभर तो पलंगाची कड धरून होता. ज्या दवाखान्यात नेलं तिथे रिपोर्ट पाहून सांगितलं, 'हिमोग्लोबिन आठ, ते याचं नेहमीचंच आहे. बाकी नॉर्मल. परीक्षेचं टेन्शन घेऊ नकोस.' विंगमध्येही एक-दोघं हसली.

रिपोर्ट खोटा नव्हता. गोष्ट अशी आहे की रक्त काढतात दंडाच्या मोठ्या शिरेतून, आणि जाम झालेला असतो मांडीच्या हाडातल्या, केसाहून बारीक शिरेत. मुंबईच्या टोल नाक्यावर गाड्या मोजून कशेडीत जाम आहे की नाही ते कळेल का? सिकलसेलची कळ आत्ता सुरू आहे की नाही हे ठामपणे सांगणारी रक्ताची एकही तपासणी आजही नाही. डॉक्टरी पुस्तकं याबाबत स्पष्ट आहेत: रुग्ण दुखतंय म्हणतो, हाच पुरावा धरायचा. कॉलेजच्या कामासाठीही हे माहीत असलेलं बरं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत सिकलसेलचं नाव आहे.

औषधांकडे वळू. हायड्रॉक्सियुरिया हे जुनं, स्वस्त औषध. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षाला कळा येण्याचं मध्यांक ४.५ वरून २.५ वर आलेलं दिसलं. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मुलांवर केलेल्या अभ्यासात किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम इतक्या कमी डोसनेही चांगलाच फरक पडला. हे औषध बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं, जे दोरे होऊ देत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचं दुसरं काम आपल्या विषयाचं आहे: ते अर्धवट पेशी आणि पांढऱ्या पेशी कमी करतं, आणि पेशीवरचे व्हीएलए-४ व सीडी३६ हे आकडेही. हा परिणाम हिमोग्लोबिन बदलायच्या आधीच दिसायला लागतो. अर्थात हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली, वरचेवर रक्त तपासूनच घ्यायचं. मित्राच्या पाकिटातून नाही.

मग थेट खुंटीच झाकली तर? क्रिझानलिझुमॅब नावाचं औषध पी-सिलेक्टिनवर बसतं. २०१७ च्या चाचणीत वर्षाच्या कळा २.९८ वरून १.६३ वर, म्हणजे सुमारे ४५ टक्के कमी. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र ते औषध आणि नुसतं सलाइन यांच्यात फरक दिसला नाही, आणि २०२३ मध्ये युरोपने मान्यता काढून घेतली. मला यात आश्चर्य वाटत नाही. जिथे डझनभर आकडे आणि डझनभर खुंट्या आहेत तिथे एक बंद केली तर माल दुसरीवर लटकतो. रिडन्डन्सी आपण ब्रिज डिझाइनमध्ये मुद्दाम ठेवतो, इथे ती आजाराच्या बाजूने आहे. जीन बदलण्याचा इलाजही निघाला आहे (ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ अखेर मान्यता), पण त्याची किंमत वाचून आपण गप्प बसावं.

राहिली आपली बाजू. आपल्याकडे पावसाळ्यात रायगड, चंद्रगड, प्रतापगड असे ट्रेक निघतात. चिंब भिजायचं, धबधब्याखाली अर्धा तास बसायचं, आणि 'पावसात कसली तहान' म्हणून पाणी प्यायचं नाही. सिकलसेलच्या मित्रासाठी यातली प्रत्येक गोष्ट वर सांगितलेल्या गणितात कुठेतरी बसते: गारठ्याने रक्तवाहिन्या आखडतात आणि प्रवाह मंदावतो, पाणी कमी पडलं की पेशी आटते. त्याने ट्रेकला यायचंच नाही असं मी म्हणत नाही. बाटली भरलेली असावी, कोरडे कपडे असावेत, आणि तो 'थांबू या' म्हणाला तर थांबावं.

तसंच २० मार्चचं. १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणात दर वर्षी चवदार तळ्यावर राज्यभरातून लोक येतात, विदर्भातूनही. रात्रभर गाडीतला प्रवास, वर मार्चचं ऊन. एनएसएसची जी मुलं पाणीवाटपाला उभी राहतात त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की कोणी हातपाय धरून बसला आणि 'सिकलसेल आहे' म्हणाला, तर त्याला सावली, पाणी आणि गाडी यांची गरज आहे.

तपासणीबद्दल एक सांगायचं राहिलं. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरलेली आहे, आणि गावोगावी कॅम्प लागतात. पहिली सॉल्युबिलिटी टेस्ट: रक्ताचा थेंब द्रावणात टाकला की गढूळ होतो का बघतात. गढूळ झालं म्हणजे आजार आहे असं नाही, वाहकाचंही गढूळच होतं. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय घाबरू नये आणि घरच्यांनाही घाबरवू नये.

आणि कधी रात्री-अपरात्री रूम पार्टनरला कळ आलीच, तर त्याला गरम पाण्याची पिशवी द्या, पांघरूण द्या, पाणी पाजा, त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी शोधून द्या. मार लागल्यावर देतो तसा बर्फाचा शेक अजिबात नको, त्याने शिरा आणखी आखडतात. ताप असेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलताना अडखळत असेल किंवा एक बाजू लुळी पडल्यासारखी वाटत असेल, तर सकाळची वाट न बघता वॉर्डन सरांना उठवा आणि गाडी काढा. डॉक्टरांना पहिलं वाक्य 'याला सिकलसेल आहे' हेच सांगा, परीक्षेचं नंतर.